डावा कोपरा

रविवारी सकाळी पुण्याहून समीरचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा वृंदाला वाटलं, नेहमीचंच असेल. जेवलात का, बाबा गोळ्या घेतात का, राजसीची कंबर दुखतेय, ठेवतो. पण त्या दिवशी पोराचा चेहरा घरात बारशाचा निरोप आल्यासारखा फुलला होता. आपल्या कॉम्प्युटरच्या आतल्या सिस्टीमची नवी आवृत्ती जाहीर झाली म्हणे. कंपनीच्या लोकांनी भल्यामोठ्या स्टेजवर उभं राहून सगळ्या जगाला दाखवली आणि जगाने टाळ्या वाजवल्या.

मग तो एकेक गुण सांगू लागला, स्थळ घेऊन आलेली मावशी सांगते तसा. दिसायला देखणी, कोपरे सगळे गोल. मराठीत बोललेलं कळतं. फायली आपल्या आपण जागच्या जागी लावते. चार शब्द सांगितले की अख्खं पत्र लिहून देते. मागून राजसीने तोंड घातलं, की फोटोंतले चेहरे ओळखून प्रत्येकाचा वेगळा गठ्ठा करते, मामेसासऱ्यांनासुद्धा ओळखलं. आणि सगळ्यात मोठा गुण समीरने शेवटी राखून ठेवला होता. ती म्हणे आपल्या सवयी शिकून घेते. काल आपण काय करत होतो ते आपण विसरलो तरी ती विसरत नाही.

"आई, हे बाबांसाठीच काढलंय असं समज," तो म्हणाला.

वृंदाने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं. "ते डाव्या कोपऱ्यातलं बटण आहे तिथंच राहील ना?"

समीर हसला. राजसीही हसली, पण सुनेने हसावं तितकंच. ते बटण आता खाली मधोमध आणलंय, समीरने सांगितलं, आणि किती छान दिसतं म्हणून स्वतःचा पडदा फोनसमोर धरला. "एवढ्या सगळ्यातनं तुला बटणच दिसलं होय गं?"

बटणच दिसलं, कारण वृंदाचा उरलासुरला संसार त्या बटणाला टांगलेला होता.

शरदचंद्र, तिचे यजमान, मोरिवलीजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअर ऑफिसर होते. कुठलं पिंप कुठल्या रांगेत, कुठला नळ कुठल्या फळीवर, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. त्याच माणसाचा चष्मा आता फ्रिजमध्ये सापडत होता. आधी आधी सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ते मांजर्लीतल्या आपल्याच बिल्डिंगच्या फाटकाशी उभे राहून वॉचमनला आपला पत्ता विचारू लागले, तेव्हा हसणं बंद झालं.

अंबरनाथचे डॉक्टर भले होते. त्यांनी गोळ्या कमी दिल्या आणि वेळ जास्त दिला. म्हणाले, घरातली एकही वस्तू जागची हलवू नका. डोक्यातला नकाशा पुसट होत चाललाय, पण हातापायांना अजून वाट ठाऊक आहे. ती वाट खणू नका. रस्ते बारमाही खणलेल्या बदलापुरात राहून वाट खणू नका म्हणजे जरा जास्तच मागणं झालं, असं वृंदाच्या मनात आलं होतं.

तेव्हापासून तिने घर जसंच्या तसं धरून ठेवलं. रंग काढायचा राहिला. एका पायाने लंगडं टीपॉय लंगडंच राहिलं. समीरने पाठवलेला नवा मिक्सर खोक्यातून बाहेर आला नाही, कारण जुन्याची जागा आणि त्याचा घरघराट दोन्ही शरदचंद्रांच्या ओळखीचे होते. वरच्या मजल्यावरची मालिनी म्हणायची, काकू, तुमच्याकडे आलं की घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. वृंदा म्हणायची, तेवढं खरंच पडलं असतं तर बरं झालं असतं.

आणि रोज सकाळी नाश्ता झाला की शरदचंद्र कॉम्प्युटरसमोर बसायचे. आतला डबा समीरने मध्यंतरी बदलून दिला होता, पण पडद्यावरचं चित्र तेच ठेवलं होतं. माउसवर हात ठेवला की तो आपोआप खाली डाव्या कोपऱ्यात जायचा. बटण दाबलं की नावांची रांग वर यायची. त्यातलं वरून तिसरं नाव. मग पांढरा कागद उघडायचा आणि शरदचंद्र दोन बोटांनी टाईप करायला लागायचे: सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उद्या गच्चीवरील टाकी धुण्याचे काम असल्याने पाणी येणार नाही. सहकार्य करावे. खाली आपली सेक्रेटरी म्हणून सही.

सेक्रेटरीपद सोडून त्यांना बरीच वर्षं लोटली होती. आता मालिनीचा नवरा सेक्रेटरी होता. पहिल्या पहिल्यांदा वृंदा तो कागद जिन्यापाशी नोटीस बोर्डावर लावून यायची, पण एकदा नव्या भाडेकरणीने खरं मानून न्हाणीघरातल्या टमरेलापासून कुकरपर्यंत सगळं पाण्याने भरून ठेवलं, तेव्हा मालिनीने हात जोडले. मग वृंदा ते कागद स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरू लागली. तिच्या फडताळात टाकी रोज धुतली जात होती.

पण तो अर्धा तास. त्या अर्ध्या तासात शरदचंद्रांची पाठ ताठ व्हायची, आवाजाला हापिसातली धार यायची. एरवी दिवसभरात ते कधी तिच्याकडे पाहून नुसते हसायचे, कधी "बाई, आमची मंडळी कुठं गेलीय?" असं अदबीने विचारायचे. कॉम्प्युटरसमोर बसले की मात्र, मान न वळवता, "वृंदा, जरा चष्मा पूस गं."

त्या हाकेसाठी ती सकाळची सगळी कामं उरकून मागे खुर्चीत निवडायला मेथी घेऊन बसायची. मेथी नसली तर नुसतीच बसायची.

हे ती समीरला कसं सांगणार होती? सांगून पाहिलं होतं, तुकड्यातुकड्यांनी. पण दर वेळी तो म्हणायचा, वय झालं की होतं, आई. आताही म्हणाला. ती म्हणाली, त्यांना नव्याचं जमणार नाही रे, तर तो म्हणाला, "मला कॉम्प्युटर कुणी शिकवला? बाबांनीच ना? मग?" आणि वर त्याने जे सांगितलं ते खोडून काढण्याजोगं नव्हतं. जुन्या आवृत्तीची राखण कंपनी आता बंद करणार होती. बाबांच्या पेन्शनचं खातं त्याच कॉम्प्युटरवर होतं. कुलूप नसलेल्या दारात पेटी ठेवण्यासारखं होतं ते. शिवाय तिने काहीच करायचं नव्हतं. येत्या शनिवारी तो पुण्यातूनच सगळं बदलून देणार होता, तिला हातसुद्धा लावावा लागणार नव्हता.

लेकाचं सगळं बरोबर होतं. तिच्याकडे बरोबर असं काही नव्हतंच.

सोमवारी ती उल्हासनगरला गेली, हरेशभाईंकडे. कॅम्प तीनमधलं त्यांचं दुकान म्हणजे वायरींचं मच्छी मार्केट. कॉम्प्युटर पहिल्यापासून त्यांनीच जोडून दिलेला, आणि पावसाळ्यात दोनदा भिजल्यावर त्यांनीच वाचवलेला. दुकानातही नव्या आवृत्तीचंच कौतुक चाललं होतं. एक गिऱ्हाईक म्हणत होतं, आता बिलं आपोआप बनतील, दुसरं म्हणत होतं, मग तुझी गरज काय. हरेशभाई खूश होते. जुन्या डब्यांवर नवं चालणार नाही म्हणजे नवे डबे खपणार.

वृंदाने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. ते थांबवून द्या म्हणाली.

हरेशभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वहिनी, लोक मला पैसे देतात नवं टाका म्हणून. तुम्हाला फुकट मिळतंय, नि तुम्ही बोलता रोको?"

मग तिने डोळे न पुसता, सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं सगळं सांगितलं. नोटीस, कोपरा, चष्मा. हरेशभाईंनी पोऱ्याला चहा सांगितला. त्यांचे वडील शेवटी शेवटी फाळणीत मागे राहिलेल्या शिकारपूरला निघालो म्हणून रोज चपला घालून दारात बसायचे, एवढं ते बोलले. जाताना म्हणाले, काही आठवडे पुढे ढकलता येतं, कायमचं थांबत नाही. आणि मुलगा बाहेरून करणार असेल तर तेही नाही. "मशीन चालूच नसलं, तर मात्र कोणाला काय करता येत नाही."

परतीच्या रिक्षात वृंदाने तेवढं एक वाक्य घट्ट धरून ठेवलं.

मांजर्लीत तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या घरात मशीन बंद होण्याचं एकच कारण असतं. उल्हास नदी. दोन हजार पाचला पाणी खिडकीपर्यंत आलं, एकोणीसला पुन्हा आलं, आणि त्याच्या अधेमधे उंबऱ्यापर्यंत येऊन किती वेळा परत गेलं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. शरदचंद्रांनी पाच सालानंतर घराला शिस्त लावली होती. पाणी चढतंय असं कळलं की आधी यंत्र माळ्यावर, मग धान्य, मग गाद्या, मग कागदपत्रं, आणि शेवटी माणसं वरच्या मजल्यावर. माणसांना पाय असतात म्हणून ती शेवटी. कॉम्प्युटरच्या वायरींना त्यांनी रंगीत लोकर बांधली होती. सोडताना आधी हिरवी, मग पिवळी, मग लाल. जोडताना उलट.

शुक्रवारी सकाळी त्यांची नोटीस लिहून झाल्यावर वृंदा म्हणाली, "अहो, पाणी येणार आहे म्हणतात."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं पडलं होतं की कावळासुद्धा तारेवर बसायला कचरत होता. पण शरदचंद्रांनी बाहेर पाहिलं नाही. ते उठले. "हिरवी आधी," ते म्हणाले, आणि त्यांनी स्वतः, एकदाही न चुकता, हिरवी, पिवळी, लाल वायर सोडली. वृंदा स्टुलावर चढली, ते खालून डबा देत होते. "सांभाळ, वृंदा. उजवा पाय पुढे."

त्या दिवशी त्यांनी तिला किती वेळा नावाने हाक मारली. तांदळाचा डबा ओट्यावर घेताना, गाद्या गुंडाळताना, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड मेणबत्तीने चिकटवताना. वृंदाला वाटलं, आपल्याला हे आधीच कसं सुचलं नाही. दुपारी दोघं उघड्या पलंगावर बसून पोहे खात होती आणि तिला मनातल्या मनात लग्न नव्याने झाल्यासारखं वाटत होतं. खोट्याचं एवढं गोड फळ तिने आयुष्यात पहिल्यांदाच खाल्लं होतं.

पण पूर एकदा सांगितला की तो ओसरवावाही लागतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. शरदचंद्र पाण्याची वाट पाहू लागले. दर थोड्या वेळाने ते कोपऱ्यावर जाऊन नदी पाहून यायचे. नदी आपल्या पात्रात निजलेली. त्याने त्यांना धीर येत नव्हता, उलट धास्ती वाढत होती, कारण येणारं पाणी असं चोरपावलांनीच येतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दूधवाल्याला उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. आवारात लावलेल्या स्कूटरी उंच जागी न्यायला सुरुवात केली, एक ढकलताना पडलेही. रात्र त्यांनी जिन्यात बसून काढली. आणि शनिवारी घरात आले तर घरात काहीच जागेवर नव्हतं. गाद्या नव्हत्या, डबे नव्हते, खुर्ची टेबलावर चढलेली. ते मध्ये उभे राहिले आणि चहूकडे बघत राहिले.

"हे कुणाचं घर आहे?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी एक वस्तूही हलवू नका म्हणून सांगितलं होतं, आणि वृंदाने एक बटण वाचवायला अख्खं घर हलवलं होतं. ती एकेक वस्तू परत लावू लागली. पाणी ओसरलं, अहो, ओसरलं, असं म्हणत. गाद्या जागेवर गेल्या, तांदूळ गेला. कॉम्प्युटर मालिनीच्या मदतीने खाली आला. लाल, पिवळी, हिरवी. शरदचंद्र मात्र पुन्हा जिन्यात जाऊन बसले होते.

मालिनीनेच समीरला फोन केला होता. तिचं चुकलं असं वृंदाला म्हणता येईना. भर उन्हात म्हातारा माणूस लोकांच्या स्कूटरी ओढतोय हे पाहून कुणीही केला असता. संध्याकाळी समीर गाडी घेऊन हजर झाला, आणि जिन्यात बसलेल्या वडिलांच्या पाया पडला. शरदचंद्रांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्याला विचारलं, "तुम्ही नगरपालिकेकडून का? होड्या कधी येणार?"

समीर तसाच पायऱ्यांवर बसला. व्हिडिओ कॉलमध्ये बाबा नेहमी हसायचे. फोनच्या चौकटीत मावेल एवढंच तो आजवर पाहत आला होता.

घरात आल्यावर त्याने हातपाय धुतले, चहा घेतला, आणि मग कॉम्प्युटर चालू केला. वृंदा दारात उभी होती. ती नको म्हणू शकली असती. तोंडापर्यंत शब्द आलेही. पण तिने त्याची मान पाहिली. पोरगा बापाला दुरुस्त करू शकत नव्हता. जे दुरुस्त करता येत होतं, त्याच्यावर तो अधाशासारखा तुटून पडला होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो अभ्यास सोडून सगळ्या पेन्सिलींना टोकं करत बसायचा, तसाच. त्याच्या हातातून तेवढंही काढून घेणं तिच्याने झालं नाही. ती आत जाऊन भात लावू लागली.

पडद्यावर टक्के चढत राहिले. समीरने जागा मोकळी करायला म्हणून जुनं सगळं पुसूनही टाकलं, मोठ्या निगुतीने, पितळेची भांडी घासावीत तसं.

रविवारी सकाळी शरदचंद्र झोपून उठले ते बरेच शांत. उपमा खाल्ला. हात पुसले. आणि पाय त्यांना घेऊन गेले नेहमीच्या खुर्चीकडे. समीर बाजूला स्टूल घेऊन बसला, वृंदा मागे मेथी घेऊन.

पडदा उजळला. सुंदर होता, खोटं का बोला. निळ्या पाकळ्यांचं कसलंसं फूल.

हात माउसवर गेला. माउस डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे आता बटण नव्हतं, हवामान होतं. छोटासा ढग, त्याखाली दोन थेंब. शरदचंद्रांनी दाबलं. ढगांचं मोठं चित्र पसरलं आणि मिटलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा ढग.

"बाबा, आता ते मध्ये आहे," समीर म्हणाला, आणि त्याने वडिलांचा हात आपल्या हातात घेऊन मधोमध नेला. सोडला. हात हळूहळू डावीकडे निघून गेला, गोठ्याकडे निघालेल्या गुरासारखा.

समीरला मग सुचलं, बटण डावीकडे आणायची सोय आहे. घाईघाईने शोधून त्याने ते आणलंही. "हे बघा बाबा, आलं." शरदचंद्रांनी दाबलं. पण वर आली ती नावांची रांग नव्हती. रंगीत चौकोन आले, कुठल्या कुठल्या दुकानांचे, खेळांचे, बातम्यांचे. वरून तिसरं काहीच नव्हतं. त्यांचं बोट उचललेलं तसंच राहिलं. समीर जुनं परत आणायला गेला, आणि तिथे पाटी आली की परत जायला आता मागे काही शिल्लक नाही. ते त्यानेच काल घासून पुसून ठेवलं होतं.

"तो शिकेल, आई," तो वळून म्हणाला. "हा सवयी शिकून घेतो. थोडे दिवस वापरला की बाबांच्या सवयी..." आणि तो थांबला. वृंदाने मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली. तिला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण चाळिशीच्या मुलाचं तेवढं मोठेपण तिने राखलं.

शरदचंद्र पडद्याकडे पाहत होते. मग त्यांनी माउस बाजूला सारला, आणि मशीनच्या डब्यावर तळहात ठेवून पाहिला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"पाणी शिरलंय यात," ते म्हणाले. "चालू करायचं नाही. सुकू द्यायचं."

समीरने आईकडे पाहिलं. वृंदाने मान डोलावली. तेव्हा तो उठला आणि त्याने वायरी सोडायला घेतल्या. "हिरवी आधी," शरदचंद्र म्हणाले, आणि तो म्हणाला, हो, हिरवी आधी. दोघांनी मिळून डबा उचलला आणि खिडकीतल्या उन्हात ठेवला. समीरच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते लपवायला त्याला हात मोकळे नव्हते.

वृंदाने जुना पंचा आणून डबा पुसल्यासारखा केला. कोरडा ठणठणीत होता तो. शरदचंद्र पलंगावर बसून तिच्याकडे बघत होते, ओळख लागत नसलेल्या पण बऱ्या घरच्या बाईकडे पाहावं तसे.

"बाई, तुमच्याकडेही पाणी आलंय का?"

चष्मा त्यांच्या नाकावर होता आणि धुरकटलेला होता. तो तिने पुसायला मागितला नाही.

"हो," वृंदा म्हणाली. "आमच्याकडेही आलंय."

ते जरा सरकले. पलंगावर तिच्यापुरती जागा केली.

"मग बसा इथंच," शरदचंद्र म्हणाले. "ओसरेल."

ती बसली.